आनंदनं हत्ती सोडला तो कायच्या भरोशावर?

बुद्धिबळाचं पान : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी एकाच पत्रानं अर्ध्याच्या वर पान खाल्लंय, पण पत्रच तसं होतं. बाकीच्यांनी राग मानू नये, छोटे प्रश्न खाली घेतलेत.

प्रश्न : सर नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळेत चार-पाच बोर्ड आहेत, पोट्टे मधल्या सुट्टीत खेळतात, अन यंदा शालेय स्पर्धेत तालुका लेव्हलला १४ वर्षांखालच्या गटात आमचे दोघं गेले होते. त्यातल्या एकानं मोबाईलवर व्हिडिओ पाहू पाहू सेमी-स्लाव ओपनिंगच्या (म्हणजे डाव सुरू करायच्या एका ठरलेल्या पद्धतीच्या) दहा-बारा चाली तोंडपाठ केल्या, मले धडाधड म्हणून दाखवे. अन तिथं समोरच्या पोरीनं दुसऱ्याच चालीले काळ्या घरातला उंट एफ४ वर काढून ठेवला. झालं, हा नुसता बोर्डाकडे पाहत राह्यला, घड्याळ चालू, अन शेवटी हरला. मंग मी स्वतः बसून त्या ओपनिंगमधला आनंदचा अरोनियनसोबतचा २०१३ चा डाव पाह्यला. त्यात तर आनंद हत्ती सोडून देते, अन खाणारा घोडा समोर उभा असून त्याले मारत पण नाही! काहून? आमच्या त डोक्यावरून गेलं. दोन गोष्टी सांगा. ओपनिंग किती चालींपर्यंत पाठ करावी, अन हा डाव पोरायले समजावून कसा सांगावा?
— एक गुरुजी, ता. दारव्हा

उत्तर : गुरुजी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यातच आहे म्हणून डावापासूनच सुरू करू. आधी पूर्ण डाव देतो म्हणजे ज्यांच्याकडे नाही त्यांनाही बोर्ड मांडता येईल. नवख्यांसाठी : उभ्या लाईनी ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८, × म्हणजे खाल्लं, नुसतं घर लिहिलं तर प्याद्याची चाल, कॅसलिंग म्हणजे राजा-हत्तीची जोडचाल, आणि दर आकड्याला आधी पांढऱ्याची मग काळ्याची चाल. विक आन झी, नेदरलँड्स, जानेवारी २०१३, चौथी फेरी. पांढरे लेवॉन अरोनियन, म्हणजे त्या वेळी २८०० च्या वर रेटिंग (ताकदीचा आकडा) असलेला माणूस, आणि काळे आपला विश्वनाथन आनंद.

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३ ई६ ५. ई३ घोडा बीडी७ (म्हणजे बी८ वरचा) ६. उंट डी३ डी×सी४ ७. उंट×सी४ बी५ ८. उंट डी३ उंट डी६ ९. कॅसलिंग कॅसलिंग १०. वजीर सी२ उंट बी७ ११. ए३ हत्ती सी८ १२. घोडा जी५ सी५ १३. घोडा×एच७ घोडा जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उंट सी५ १६. उंट ई२ घोडा डीई५ १७. उंट×जी४ उंट×डी४ शह १८. राजा एच१ घोडा×जी४ १९. घोडा×एफ८ एफ५ २०. घोडा जी६ वजीर एफ६ २१. एच३ वजीर×जी६ २२. वजीर ई२ वजीर एच५ २३. वजीर डी३ उंट ई३, आणि अरोनियननं डाव सोडला.

आता पोरांसमोर हा डाव लावताना पहिल्या अकरा चाली नुसत्या खेळून पुढे जाऊ नका, सगळे तिथंच घाई करतात कारण गंमत पुढे आहे असं वाटतं. खरं तर हत्ती सोडायचं बळ कुठून आलं त्याचं बीज तिथंच आहे. सी६ आणि ई६ अशी दोन प्यादी काळ्यानं लावली की मधलं डी५ एकदम पक्कं होतं, पण सी८ चा उंट आत कोंडला जातो, त्याला ई६ आडवं येतं. सेमी-स्लाव खेळणाऱ्याचा पहिल्या चालीपासूनचा सगळा विचार एकच असतो, की या उंटाला बाहेर कसं काढू. तुमच्या पोट्ट्याला हे विचारून पाहा, तुझ्या ओपनिंगमध्ये सगळ्यात दुःखी मोहरा कोणता? सांगता आलं नाही तर त्याला ओपनिंग येत नाही, चाली येतात.

मग उत्तर कसं निघतं ते पाहा. काळा सी४ चं प्यादं लगेच खात नाही, वाट पाहतो. पांढऱ्याचा उंट डी३ ला गेला रे गेला की मग खातो. म्हणजे त्या उंटाला परत एक चाल खर्चून सी४ वर यावं लागतं, आणि आला की बी५ नं त्याला हाकलायचं, तो परत डी३ वर. डी३, सी४, डी३. तीन चाली करून उंट जिथं पहिल्या चालीत होता तिथंच! आणि त्या वेळात काळ्याचं बी५ फुकटात झालं, बी७ घर मोकळं झालं, उंट तिथं बसला, आता फक्त सी-प्यादं सी६ वरून सी५ ला ढकललं की त्या उंटाला बी७ पासून थेट जी२ आणि एच१ पर्यंत तिरकी रेघ मोकळी. कोंडलेला उंट बोर्डावरचा सगळ्यात जबर उंट होतो. याच पद्धतीला मेरान म्हणतात, इटलीतल्या मेरान गावात १९२४ ला स्पर्धा झाली होती, तिथं अकिबा रुबिनस्टाईन हा ग्रुनफेल्डसोबत असं खेळला तेव्हापासून. रुबिनस्टाईन हे नाव ध्यानात ठेवा, ते परत येणार आहे.

आणि ११ वी चाल, हत्ती सी८. पोरं विचारतील समोर स्वतःचंच प्यादं आहे मग हत्ती तिथं कायले? तर ते प्यादं जाणार आहे, आणि गेलं की त्या उभ्या लाईनवर पांढऱ्याचा सी३ चा घोडा आणि त्याच्या मागं सी२ चा वजीर उभा आहे. लाईन उघडायच्या आधीच माणूस नेऊन ठेवला.

आता १२ वी चाल. पांढऱ्यानं घोडा जी५ वर आणला. एच७ वर डोळा कोणाकोणाचा? घोडा, डी३ चा उंट, त्याच्या मागून वजीर, तीन. राखण करणारे दोन, राजा आणि एफ६ चा घोडा. म्हणजे प्यादं जातंय. इथं पोरांना थांबवा, पुढच्या चाली कागदानं झाका आणि प्रत्येकाला वहीत लिहायला लावा की तू असतास तर काय खेळला असतास. बहुतेक सगळे एच६ नाहीतर जी६ लिहितील, मीही कोणाला दोष देणार नाही, घरावर चोर आला की माणूस आधी दाराला कडी लावतो. आनंद खेळला सी५. म्हणजे प्यादं घे, मला माझी तिरकी रेघ उघडायचीय. अरोनियननं घेतलं, आता घोडा एच७ वर बसून एफ८ च्या हत्तीवरही डोळा ठेवून आहे. आणि आनंद हत्ती हलवत नाही, एफ६ चा घोडा जी४ ला टाकतो, एच२ वर धमकी. हत्ती सोडायची सुरुवात इथं झाली.

पुढे दोन जागा आहेत तिथं घाई करू नका, एक पूर्ण तास गेला तरी चालेल.

पहिली जागा १५ व्या चालीची, उंट सी५. हा उंट डी४ च्या प्याद्याच्या तोंडात ठेवला. खाल्ला तर डी७ चा घोडा सी५ वर येऊन डी३ च्या उंटावर चढतो, डी-लाईन काळ्या वजिराला मोकळी होते, आणि पांढऱ्या राजाची डी४ कडून येणारी तिरकी बाजू उघडी पडते. अरोनियननं नाही खाल्ला, उंट मागे ई२ ला घेतला.

दुसरी जागा लगेच, १६ वी चाल, घोडा ई५. ही चाल पाहून पोट्टे ओरडले पाहिजेत, नाही ओरडले तर बोर्ड उलटा मांडलाय समजा. एफ४ चं प्यादं सरळ घोडा खाऊ शकतं. खाल्लं तर काय? वजीर डी४ वरचं प्यादं खाऊन शह. राजा एच१. मग वजीर जी१ शह! वजीर सरळ राजाच्या मांडीवर. सी५ च्या उंटाचा जोर आहे म्हणून राजाला खाता येत नाही, हत्तीनंच खावा लागतो, आणि हत्ती जी१ वर आला की घोडा जी४ वरून एफ२ ला, मात. राजाच्या चारी बाजूला त्याचीच माणसं, हलायला घर नाही. मधे उंट घाला, हत्ती घाला, तरी शेवट मातच होते, ते पोरांना स्वतः शोधू द्या. एक बारीक गोष्ट मात्र नक्की दाखवा : एफ२ वरचा तो घोडा पांढऱ्याचा सी२ चा वजीर आडवा येऊन खाऊ शकला असता, पण ई२ वर स्वतःचाच उंट उभा आहे. वाचवायला मागे आणलेला उंट वजिराचीच वाट अडवून बसला. असं काही दिसलं की मला तर अजूनही खुर्चीवरून उठावंसं वाटतं.

मग तुमचा प्रश्न. १९ व्या चालीला घोड्यानं हत्ती खाल्ला आणि आनंदनं त्या घोड्याला हात न लावता एफ५ केलं. काहून? पांढऱ्याचा वजीर सी२ वरून एच७ पर्यंत तिरका मोकळा पाहतोय. काळा राजा घोडा मारायला एफ८ वर गेला की वजीर एच७ वर, पुढं एच८ ला शह, जी७ चं प्यादं गेलं, आणि राजा बोर्डाच्या मधे पळत सुटला, म्हणजे हल्ला करणाऱ्याचाच राजा उघड्यावर. एफ५ नं ती वाट कायमची बंद, वरून जी४ च्या घोड्याला टेका. आणि एफ८ चा घोडा कुठं पळून जातोय? तो जी६ ला गेला, वजीर एफ६ ला येऊन त्याच्यावर चढला, पुढच्या चालीला खाल्ला. मधे पांढऱ्यानं एच३ करून जी४ च्या घोड्याला विचारलं, तर आनंदनं तिकडं पाहिलंच नाही, कारण त्या प्याद्यानं घोडा खाल्ला की एच-लाईन उघडते, काळा वजीर एच वर येतो आणि डी४ चा उंट जी१ धरून असल्यानं तिथंच मात.

शेवटची चाल उंट ई३ पण समजावून सांगा, नाहीतर पोरं म्हणतील हरला कुठं, अजून मात तर झाली नाही. काळ्या वजिराला एच३ खायचंय. जी२ चं प्यादं त्याला उलट खाऊ शकत नाही कारण ते बी७ च्या उंटानं बांधलंय, मागे एच१ वर राजा आहे. हाच तो आपला कोंडलेला उंट बरं का! पांढऱ्यानं वजीर डी३ वर आणला तो आडव्या रांगेतून एच३ राखायला, आणि आनंदनं त्या रांगेत ई३ वर उंट आणून टाकला. वाट बंद. सी१ च्या उंटानं तो खाल्ला तर वजीर एच३ शह, राजा जी१, वजीर जी२ मात. वजिरानं खाल्ला तर जी४ चा घोडा वजीरच खातो.

हे झालं की पोरांना एक काम द्या, ते मी कुठल्या व्हिडिओत पाहिलं नाही पण करायला लावाच. डाव सोडला तेव्हाचा बोर्ड मांडायचा आणि दोन्हीकडचा माल मोजायचा. प्यादी पाच-पाच सारखी. दोन्ही वजीर आहेत. पांढऱ्याकडे दोन हत्ती, एक उंट, एक घोडा. काळ्याकडे एक हत्ती, दोन उंट, एक घोडा. म्हणजे हरणाऱ्याकडेच जास्त माल! मग विचारायचं, पांढऱ्याचा ए१ चा हत्ती डावात किती वेळा हलला? एकदाही नाही. सी१ चा उंट? एकदाही नाही. आणि पांढऱ्याच्या २३ चाली गेल्या कुठं? राजाकडचा घोडा पाच वेळा हलला, एफ३, जी५, एच७, एफ८, जी६, आणि मेला. पांढऱ्या घरातला उंट पाच वेळा हलला, डी३, सी४, डी३, ई२, जी४, आणि मेला. दहा चाली त्या दोघांत गेल्या जे शेवटी बोर्डावर नव्हतेच. आनंदनं एफ८ चा हत्ती दिला हे खरं, पण समोरच्याचा ए१ चा हत्ती घरातून निघालाच नव्हता, म्हणजे लढाईच्या जागी हत्ती कोणाकडेच जास्त नव्हता. त्या भरोशावर सोडला.

अन आता रुबिनस्टाईन. १९०७, पोलंडमधलं लोड्झ शहर, रोटलेवी पांढरे आणि रुबिनस्टाईन काळे. आनंदचा डाव झाला त्याच दिवशी जाणकारांना हा डाव आठवला होता. तिथंही काळे उंट बी७ आणि बी६ वरून एकाच राजाकडे पाहतायत, तिथंही घोडा जी४, तिथंही हत्ती सी८, आणि रुबिनस्टाईन वजीरसुद्धा देऊन टाकतो, शेवटची चाल हत्ती एच३. हा डाव १५ व्या चालीपर्यंत मांडून थांबा : १. डी४ डी५ २. घोडा एफ३ ई६ ३. ई३ सी५ ४. सी४ घोडा सी६ ५. घोडा सी३ घोडा एफ६ ६. डी×सी५ उंट×सी५ ७. ए३ ए६ ८. बी४ उंट डी६ ९. उंट बी२ कॅसलिंग १०. वजीर डी२ वजीर ई७ ११. उंट डी३ डी×सी४ १२. उंट×सी४ बी५ १३. उंट डी३ हत्ती डी८ १४. वजीर ई२ उंट बी७ १५. कॅसलिंग. दोन्हीकडचे मोहरे आरशात पाहिल्यासारखे सारखे आहेत, प्यादी सारखी, उंट सारखे, घोडे सारखे. फरक फक्त दोन. काळ्याचा हत्ती एफ८ ऐवजी डी८ वर पोचलाय, आणि चाल काळ्याची आहे. पांढऱ्याचा उंट इथंही डी३, सी४, डी३ असा फिरला आणि वजीर डी२ वरून ई२ ला दुसऱ्यांदा हलला, एवढ्यातच पांढऱ्याची पहिल्या चालीची आघाडी गेली. त्यानंतर दहा चालीत खेळ खल्लास. ओपनिंग म्हणजे काय हे यापेक्षा स्वच्छ मला तरी कुठं दिसलं नाही.

तर गुरुजी, किती चाली पाठ कराव्यात? आनंदचे त्या दिवशीचे हल्ले नुसते जागेवर सुचलेले नव्हते, २०१२ ला मॉस्कोत गेलफंडसोबत जगज्जेतेपदाची मॅच झाली तिची तयारी त्यात होती, त्यामुळे मोठे लोक पाठ करत नाहीत असं मी म्हणणार नाही, ते तर ढिगानं करतात. पण त्यांना प्रत्येक चालीचं कारण आधी माहीत असतं आणि पाठांतर नंतर येतं, आपल्याकडं व्हिडिओमुळे उलटं होऊन राहिलंय. १४ वर्षांखालच्या पोरानं सहा-सात चालींच्या पुढं पाठ करूच नये असं माझं मत. तेवढ्या चालींत कोणता मोहरा कुठं जायचाय आणि कोणतं प्यादं कधी ढकलायचं एवढं तोंडानं सांगता आलं पाहिजे. त्या पोरीनं उंट एफ४ ला काढला, ती लंडन सिस्टीम, आजकाल सगळीकडं तीच चालू आहे. तुमच्या पोट्ट्याला जर विचारायची सवय असती की हा उंट निघाला तर मागे काय उघडं पडलं, तर बी२ दिसलं असतं. मग सी५, घोडा सी६, वजीर बी६, सगळ्या नजरा तिकडे. सी४ च झालं नाही तर ते खायची वाट कशाला पाहायची. आणि पाचव्या चालीला कोणी ई३ ऐवजी उंट जी५ केला, तर सध्या एच६ करून त्याला विचारा, त्यानं घोडा खाल्ला तर वजिरानं परत खा, दोन उंट आपल्याकडे राहतात. त्याच जागी डी×सी४ करून बोटविनिक नावाचं जंगल सुरू होतं, तिकडं पोरांना आत्ताच नेऊ नका.

आणि खरं सांगू का, पाचवी-सहावीच्या पोरांना मेरान शिकवायची गरजच नाही. ई४ ई५ खेळू द्या, इटालियन ओपनिंग खेळू द्या, हाणामारी होऊ द्या. आनंदचा डाव पाहायला मेरान खेळता यायलाच पाहिजे असं थोडीच आहे.

प्रश्न : दादा, मी आठवीत आहे. एक मुलगी सुरुवातीलाच वजीर बाहेर काढून चार चालीत मात देते. मी एकदा वाचली पण पुढे काय करायचं समजलं नाही. तिचा वजीर खाता येईल का?
— एक विद्यार्थिनी, चिखली

उत्तर : बेटा, वजीर खायच्या मागं लागू नको, त्याला पळवायच्या मागं लाग. ई४ ई५, तिनं वजीर एच५ केला, तू घोडा सी६ करून ई५ राख. तिनं उंट सी४ केला की एफ७ वर मात आहे, तेव्हा जी६ करून वजिराला हाकल (इथं घोडा एफ६ केलास तर संपलं, वजीर एफ७ मात). ती वजीर एफ३ ला घेईल, परत तिथंच मात बघतेय, आता घोडा एफ६. झालं, राखण पण झाली आणि मोहरा पण निघाला. पुढे उंट जी७, कॅसलिंग, आणि जमेल तेव्हा घोडा डी४ वर उडी, म्हणजे वजिरावर हल्ला आणि सी२ वर पण. तिचा वजीर दोनदा हलला असेल आणि तुझे दोन घोडे मैदानात असतील. वर गुरुजींना चाली मोजायला सांगितल्यात तसं तूही तुझ्या डावात मोजून बघ.

प्रश्न : आमचं वय झालं सत्तरीच्या वर. पारावर आम्ही देशी बुद्धिबळ खेळत होतो, प्यादं एकच घर चाले, राजाले एकदा घोड्यावानी उडी मारता ये. नातू म्हणते आबा हे चुकीचं हाय. ते ओपनिंग ओपनिंग करते. आमच्या वक्ताले ओपनिंग नव्हती काय?
— एक शेतकरी, ता. अचलपूर

उत्तर : बाबाजी, चुकीचं नाही, वेगळं आहे, नातवाला तेवढं सांगा. देशी नियमांत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं, कॅसलिंग नव्हतं म्हणून शह बसायच्या आत राजाला एकदा अडीच घराची उडी, प्यादं शेवटच्या घराला पोचलं की ते ज्या लाईनीत पोचलं त्याच मोहऱ्याचं रूप घ्यायचं, आणि काही ठिकाणी एकटा राजा उरला की बुर्जी म्हणून अर्धा डाव. गावागणिक थोडं थोडं वेगळं असायचं. अशा खेळात दोन फौजा एकमेकींजवळ यायलाच वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीच्या चाली पाठ करायचं कोणाला काम पडलं नाही, मधला डाव आणि शेवट मात्र तुम्ही लोक घट्ट खेळायचे.

नातवाला मीर सुलतान खानचं सांगा. पंजाबातला माणूस, देशी नियमांवर वाढलेला, १९२९ ला इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकला. पुढे १९३२ आणि १९३३ ला परत जिंकला. इंग्लंडातल्या हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं, कापाब्लांका म्हणजे आधीचा जगज्जेता. ओपनिंगचं पुस्तकी ज्ञान त्याला कमीच होतं, सुरुवातीला मागे पडायचा आणि पुढं ओढून काढायचा. २०२४ ला, तो जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, फिडेनं, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, त्याला मानद ग्रँडमास्टर केलं. पण बाबाजी नातवाचंही ऐका थोडं, तालुक्याला खेळायचं तर प्यादं दोन घरं चालतं, तिथं पारावरचा नियम कोणी ऐकणार नाही.

प्रश्न : नागपूरची दिव्या देशमुख नॉर्म न करता ग्रँडमास्टर झाली म्हणतात, हे कसं काय?
— एक वाचक, मूल

उत्तर : बरोबर ऐकलंत. साधारण रस्ता तीन नॉर्म (स्पर्धेत ठरलेल्या दर्जाची कामगिरी) आणि २५०० रेटिंगचा असतो. पण काही मोठ्या स्पर्धा अशा आहेत की जिंकल्या की किताब थेट मिळतो. दिव्यानं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, फायनलला समोर कोनेरू हम्पी, दोन क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत, मग निकालासाठीच्या रॅपिड (कमी वेळेच्या) टायब्रेकमध्ये दिव्या दीड-अर्धा अशी जिंकली. तेव्हा ती १९ वर्षांची होती. भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता पण नागपूरचेच, त्यामुळे आपल्याकडे कोण शिकवणार असं रडायचं आता कारण नाही, फक्त क्लास नागपूरला आहेत आणि एसटी मूलहून निघते ही अडचण तेवढी खरी.

प्रश्न : आमच्या गावात रेंज राहत नाही. मोठ्या खेळाडूंचे डाव कुठून मिळवायचे? अन कॉम्प्युटरचं इंजिन लावून शिकलं तर लवकर होते काय?
— एक वाचक, आरमोरी

उत्तर : डाव पीजीएन फाईलमध्ये असतात, ती नुसती अक्षरांची फाईल, एका डावाला एका फोटोइतकी पण जागा लागत नाही. आठवडी बाजाराला तालुक्याला गेलात की रेंजमध्ये शंभरेक डाव एकदम उतरवून घ्या, व्हॉट्सअॅपवर पण जातात. लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाईट फुकट आहे, त्यात नावाजलेल्या खेळाडूंच्या डावांचा साठा पण आहे. इंजिन म्हणाल तर स्टॉकफिश पण फुकट आणि जगातल्या कोणत्याही माणसापेक्षा जबर, पण ते सगळ्यात शेवटी लावा. आधी स्वतः वहीत लिहा की ही चाल का केली असेल, मग लावा. पहिलेच लावलं की ते प्लस एक पॉइंट दोन असा आकडा दाखवतं आणि डोकं तिथंच बंद पडतं. आकडा का आला हे ते सांगत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत संध्याकाळी दमून बसल्यावर वही कोण काढतं हे मलाही कळतं, तर मग आठवड्याला एकच डाव करा.

प्रश्न : स्पर्धेत चाली लिहाव्याच लागतात का? मराठीत लिहिल्या तर चालते का?
— एक पालक, हिंगणघाट

उत्तर : क्लासिकल डावात लिहाव्याच लागतात. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरली आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढून मिळत नसतील तरच लिहिणं थांबवता येतं. रॅपिडला सक्ती नाही. मोहऱ्याच्या नावाचं म्हणाल तर फिडेच्या नियमात आपापल्या देशात चालणारं नाव वापरायची मोकळीक आहे, म्हणजे घोड्याला घो लिहिलं तर नियमाबाहेर नाही. तरी खेळ सुरू व्हायच्या आधी पंचांना विचारून घ्या, भांडण झालं तर तो कागद त्यांनाच वाचायचाय. आणि डाव झाल्यावर तो कागद पंचांकडे जमा होतो, म्हणून सही करायच्या आधी खालची कॉपी निघतेय का ते बघा, कार्बन नसेल तर लगेच मोबाईलनं फोटो काढून ठेवा.